गोळी वाढवण्याआधी वजनकाटा पाहा

प्रिय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

परभणीच्या डायलिसिस विभागात रुजू झाल्यापासून, चार-चार गोळ्या देऊनही काही रुग्णांचा रक्तदाब 180 च्या खाली येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पत्रात औषधांची नावे आणि डोस सविस्तर होते. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, मात्र एकाचेही नव्हते.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचा रक्तदाब बहुतेक वेळा अंगात साठलेल्या मीठ-पाण्यामुळे चढलेला असतो. उमेदीच्या काळात मला हे ठाऊक होते, तरी 58 किलो ड्राय वेट असलेल्या एका शेतकऱ्याचे वजन साडेचार किलोंनी वाढलेले दिसत असताना मी चौथी गोळी लिहून मोकळा झालो. तिसऱ्या तासाला त्यांचा रक्तदाब 80 वर आला, पोटऱ्यांत गोळे आले, पाणी काढणे थांबवावे लागले, आणि ते उरलेले पाणी अंगात घेऊनच एसटीने गावी परतले. ज्या पाण्यामुळे रक्तदाब वाढला होता, ते काढण्याची वाट माझ्याच गोळीने अडवली होती. शिवाय वजनाच्या दर किलोमागे ताशी 13 मिलिलिटर पाणी काढण्याची मर्यादा पाळली, तर त्यांच्या अंगातून चार तासांत तीन लिटरच निघू शकले असते. बाकीच्यासाठी वेळ वाढवणे किंवा जादा डायलिसिस ठेवणे एवढाच मार्ग होता.

ड्राय वेट एकदा लिहून ठेवण्याचा आकडा नव्हे. भूक मंदावली की मांस झडते, त्याची जागा पाणी घेते आणि काटा तोच आकडा दाखवत राहतो, म्हणून दरवेळी दोन-तीनशे ग्रॅमने कमी करून पाहा. वजन करताना चपला, कांबळे आणि कनवटीची पिशवी बाजूला ठेवायला सांगा (हे सांगायला मला अजूनही संकोच वाटतो).

‘पाणी कमी प्या’ एवढे सांगून भागत नाही, कारण आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेले की शरीर सुमारे एक लिटर पाणी मागून घेते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तहान कोणालाही आवरत नाही. त्यामुळे चौकशी ठेचा, लोणचे, पापड, खारोड्या यांची करा, आणि तीही स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते, ते या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते.

गोळ्या लागतातच, पण ॲटेनोलॉल व लिसिनोप्रिल डायलिसिसमध्ये बऱ्याच अंशी निघून जातात, ॲम्लोडिपिन व कार्व्हेडिलॉल फारसे नाहीत, हे ध्यानात घेऊन वेळा ठरवा. रक्त वाढवण्यासाठी देतो त्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननेही रक्तदाब चढतो.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी व शीर जोडलेल्या) हातावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा कधीही बांधू नका. डायलिसिसच्या आधीच्या एकाच आकड्यावर निर्णय घेण्यापेक्षा, मधल्या दिवसांत घरी सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे वहीत लिहून आणायला सांगा. त्या वह्यांचे दोन आठवड्यांचे आकडे वजनांसह मला पाठवा. गोळ्यांचे त्यानंतर पाहू.

आपला,
एक जुना सहकारी