वाचकांचे प्रश्न : जुनी ९११ की नवी?

मोटारींविषयीच्या या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गाडीभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. गाडी आहे पोर्शे ९११. आपल्या भागात ती क्वचितच दिसते, आणि दिसली तरी बहुधा गोव्याच्या वाटेवर. पण पत्रांचा सूर पाहता तिच्याबद्दलचे कुतूहल बेळगावपासून निपाणीपर्यंत चांगलेच पसरलेले दिसते.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त स्टुटगार्टला असतो. पोर्शेच्या संग्रहालयात जाऊन त्याने १९६० च्या दशकातील ९११ आणि आजची ९११ अशी दोन छायाचित्रे पाठवली. मला दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणींसारख्या वाटल्या. साठ वर्षांत नेमके बदलले काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, पण अर्धे. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडली गेली. मधला अंक शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्समध्ये आपला हक्क असल्याचे प्यूजो कंपनीने कळवले आणि पोर्शेने शून्याच्या जागी एक घालून ९११ हे नाव घेतले. तेव्हाची गाडी ४१६३ मिलिमीटर लांब, १६१० मिलिमीटर रुंद आणि वजनाने साधारण १०८० किलोची होती. दोन लिटरचे इंजिन १३० अश्वशक्ती देत असे. २०१९ मध्ये रस्त्यावर आलेल्या, ९९२ या अंतर्गत क्रमांकाच्या पिढीतील कॅरेरा, म्हणजे ९११चे सर्वांत साधे मॉडेल, ४५१९ मिलिमीटर लांब, १८५२ मिलिमीटर रुंद आणि दीड हजार किलोंची होती, आणि तिची शक्ती ३८५ अश्वशक्ती होती. रुंदी साडेनऊ इंचांनी वाढली आहे. छायाचित्रात हे कळत नाही, पण दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या की जुनी गाडी नवीच्या पदरात बसेल की काय असे वाटते.

जे बदलले नाही ते मात्र फार महत्त्वाचे आहे. इंजिन आजही मागच्या आसाच्या मागे आहे. आपल्याकडे मागचे इंजिन म्हटले की रिक्षा किंवा टाटांची नॅनो आठवते. परंतु वेगवान गाडीत इतका भार पार टोकाला ठेवण्याचा हट्ट इतक्या दीर्घकाळ दुसऱ्या कोणी धरलेला नाही. त्याचा फायदा असा की वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवर भरपूर वजन असते, त्यामुळे ती घसरत नाहीत. तोटा समजण्यासाठी साखर कारखान्याच्या वाटेवरील उसाने भरलेली ट्रॉली आठवावी. उतारावरच्या वळणात ट्रॅक्टरवाल्याने अचानक वेग कमी केला, तर मागचा भार थांबायला तयार नसतो. तो ट्रॅक्टरला ढकलतो आणि बाजूला फिरवू पाहतो. जुन्या ९११मध्ये वेगाने वळणात शिरून, भीतीने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की नेमके हेच घडत असे. वजन पुढच्या चाकांकडे सरके, मागची चाके हलकी होत, आणि गाडीची शेपूट पुढे येऊ पाहत असे.

या गाडीच्या पिढ्यांचा इतिहास हा बहुतांशी या एका निर्णयाला सांभाळून घेण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. पहिला उपाय अगदी गावठी होता, आणि मला तोच सर्वांत आवडतो : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना आतून सुमारे ११-११ किलोंची ओतीव लोखंडाची वजने बसवण्यात आली. एवढ्या नामांकित अभियंत्यांनीही तराजूत पासंग टाकावा तसा तोल साधला होता! १९६९ च्या मॉडेलमध्ये इंजिन आहे तिथेच ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली आणि एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवण्यात आल्या. १९८९ साली ९६४ ही पिढी आली आणि पीळ खाणाऱ्या दांड्यांच्या सस्पेन्शनऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा, पॉवर स्टिअरिंग, ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्ती मिळाली. १९९३ च्या ९९३ या पिढीत मागच्या चाकांची जोडणी मुळापासून नव्याने केली गेली. २०११ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर आणखी सुमारे १०० मिलिमीटरने वाढले. आजच्या गाडीत तर पुढच्या चाकांच्या कमानींमध्ये आवाज टिपणारे संवेदक आहेत. चाकांखालून उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला झाल्याचे गाडी ओळखते आणि चालकाला पावसाळी मोड लावण्याची सूचना देते. पूर्वी ही काळजी चालकाने घ्यायची होती, आता ती गाडी घेते. आपल्या भाच्याच्या दोन छायाचित्रांत खरा फरक हा आहे, आणि तो पत्र्यावर दिसत नाही.

प्रश्न : माझे उद्यमबागेत कास्टिंग आणि मशिनिंगचे छोटे युनिट आहे. जुन्या ९११ हवेवर थंड होणाऱ्या म्हणून नावाजल्या जातात. हवेवर थंड होणारी गाडी पाण्यावर का नेली, आणि जुन्या इंजिनाचे कास्टिंग कोणत्या धातूचे असे, हे सांगावे.
– एक उद्योजक, बेळगाव

उत्तर : जुन्या बुलेटच्या सिलिंडरवरील पंख्या आपण रोज पाहत असाल, तत्त्व तेच. फरक एवढा की ९११मध्ये सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन आडव्या ओळींत, बंद जागेत असल्यामुळे त्यांच्यावर पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा हवा सोडत असे. खरे तर 'हवेवर थंड' हे अर्धसत्य आहे, कारण उष्णतेचा मोठा वाटा तेल वाहून नेत असे आणि त्यासाठी वेगळ्या टाकीत भरपूर तेल ठेवलेले असे.

ही पद्धत ९९३ पिढीबरोबर १९९८ मध्ये संपली आणि ९९६ पिढी पाण्यावर थंड होणारे इंजिन घेऊन आली. कारण हौसेचे नव्हते. धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत गेले. जास्त शक्ती आणि स्वच्छ ज्वलन हवे तर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत, आणि चार व्हॉल्व्हच्या हेडमधली (सिलिंडरच्या माथ्यावरील भागातली) दाटीवाटीची जागा केवळ हवेने पुरेशी थंड ठेवणे अवघड असते. सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण असले की आवाजही दबतो. जुन्या गाड्यांच्या प्रेमिकांना हे पटले नाही, पण आपल्यासारख्या कारखानदाराला ते सहज पटावे.

कास्टिंगची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. आरंभी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचा होता. मागच्या टोकाचे वजन कमी करण्यासाठी १९६८ च्या सुमारास तो मॅग्नेशियमचा केला गेला. दोन लिटरच्या इंजिनाला हे झेपले. पुढे त्याच केसवर इंजिन वाढत १९७४ मध्ये सर्व मॉडेलांसाठी २.७ लिटर झाले. या रचनेत लांब स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) हेड आणि सिलिंडर दोन्हींना क्रँककेसवर आवळून धरतात. इंजिन तापले की हेड आणि सिलिंडर पोलादी स्टडपेक्षा जास्त प्रसरण पावतात आणि सगळा ताण मॅग्नेशियममधल्या आट्यांवर येतो. त्यात अमेरिकेसाठीच्या गाड्यांवर धूर कमी करणारी अशी उपकरणे बसवली होती की त्यांमुळे इंजिनाभोवतीची उष्णता आणखी वाढे. परिणामी आटे स्टडसकट उपसून येऊ लागले. आजही अशा केसची दुरुस्ती करताना छिद्र मोठे करून त्यात पोलादी इन्सर्ट बसवतात; आपल्या शेजारच्या जॉबवर्कवाल्याला ही युक्ती सांगावी लागणार नाही. १९७८ मध्ये आलेल्या तीन लिटरच्या एससी मॉडेलपासून सर्वच गाड्यांचा केस पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचा झाला, आणि ते इंजिन टिकाऊपणासाठी ओळखले जाते.

नवे म्हणजे निर्दोष असेही नव्हे. ९९६ च्या साध्या कॅरेरात मधल्या शाफ्टचे बेअरिंग काही गाड्यांत निकामी होत असे आणि त्याबरोबर संपूर्ण इंजिन जात असे. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी-३ या गाड्यांचे इंजिन पोर्शेचे अभियंते हान्स मेझगर यांच्या जुन्या रचनेतून आलेले असल्याने त्यांत हा दोष नव्हता. म्हणून कोणी ९९६ स्वस्तात मिळते म्हणून सांगितले, तर आधी बेअरिंगची चौकशी करावी.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे. उद्या लॉटरी लागली असे धरून विचारतो : चोर्ला घाटात चालवायला जुनी ९११ चांगली की नवी? आणि निपाणीत तिची नोंदणी करायला काय पडेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : लॉटरीच्या प्रश्नालाही गंभीर उत्तर देणे हे या सदराचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी जर्मनीत एका स्नेह्यांच्या १९८६ सालच्या कॅरेरात बसण्याचा आणि तासभर ती चालवण्याचा योग मला आला. दार ओढताच जुन्या तिजोरीसारखा 'खट्' असा कोरडा आवाज झाला. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, समोर पाच गोल तबकड्या आणि मधोमध सर्वांत मोठी तबकडी इंजिनाच्या फेऱ्यांची. पेडल वरून लोंबणारे नाहीत, जमिनीतून उगवलेले, आणि सगळे थोडे उजवीकडे सरकलेले, त्यामुळे पहिली दहा मिनिटे आपण तिरके बसलो आहोत असे वाटत राहते. गिअर थंड असताना दुसऱ्यात घालायची घाई केली की पेटी कुरकुरते. मालकांनी मला तीनदा टोकले. स्टिअरिंगला मदत देणारी यंत्रणा नसल्याने पार्किंगमध्ये दंड दुखतात, पण वळणात रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. हीटर लावला तर गरम तेलाचा वास येतो, कारण ती हवा सायलेन्सरच्या नळ्यांभोवतून येते. त्या तासाभरात आमचा वेग क्वचितच ऐंशीच्या वर गेला असेल, आणि तरी मी घामाघूम झालो होतो.

यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जांबोटी ओलांडल्यावर कणकुंबीपासून साखळीकडे उतरणाऱ्या त्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठ हा शहाणपणाचा वेग आहे, आणि एवढ्याच वेगात जुनी गाडी चालकाला पूर्ण गुंतवून ठेवते. नवी गाडी चार सेकंदांच्या आसपास शून्यावरून शंभरावर जाते. त्या घाटात ती कंटाळेल आणि आपणही. रस्ता कोरडा असेल, वेळ हिवाळ्यातल्या सकाळची असेल आणि आपल्याला 'वळणापूर्वी वेग कमी, वळणात पाय स्थिर' हा धडा पाठ असेल, तर मी डोळे झाकून जुनी निवडीन. पावसाळ्यात मात्र नाही. कणकुंबीकडच्या पावसात, समोरून ट्रक येत असताना, ओल्या पानांवर शेपूट जड असलेली, एबीएस नसलेली गाडी हाकणे हे शौर्य नव्हे. तिथे ती पाण्याचा आवाज ऐकणारी नवी गाडीच बरी. शिवाय १९७६ च्या मॉडेलपूर्वीच्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा संपूर्ण नसे, त्यामुळे आपल्या हवेत गंज लागायला एक पावसाळा पुरे.

नोंदणीचे थोडक्यात सांगतो. वीस लाखांवरील मोटारीला कर्नाटकात आजीवन कर १८ टक्के आहे. दोन कोटींच्या गाडीला तो छत्तीस लाख होतो. शेजारच्या राज्याची पाटी लावून हा खर्च वाचवण्याचा सल्ला आपल्याला सीमेवर कोणीतरी नक्की देईल, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली तर नोंदणी इथे करावीच लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ पासून केंद्राची वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे : शुल्क वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९७३ ची ९११ या नियमात बसेल, पण तिला घेऊन दर रविवारी मासे खायला पणजीला जाणे त्यात बसणार नाही.

एक गोष्ट राहिली. २०२४ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत इंजिन सुरू करण्यासाठी डाव्या हाताने फिरवायच्या खटक्याच्या जागी बटण आले, मधली काट्याची तबकडी जाऊन पडदा आला, आणि जीटीएस या मॉडेलला ३.६ लिटरच्या इंजिनाबरोबर विजेची जोड मिळून एकूण शक्ती ५४१ अश्वशक्ती झाली. विजेच्या जोडीला माझी तक्रार नाही. काट्याची तबकडी घालवायला नको होती.

प्रश्न : आमच्या कुटुंबाचा पेट्रोल पंप आहे. सासरे गमतीने सांगत की परदेशात एका गाडीच्या तेलाच्या टाकीत पंपावरची मुले पेट्रोल ओतत. हे खरे आहे का?
– एक वाचिका, शहापूर

उत्तर : खरे आहे, आणि ती गाडी हीच. १९७२ च्या मॉडेलमध्ये तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली गेली, तीही वजन थोडे पुढे यावे म्हणूनच, आणि तेल भरण्यासाठी उजव्या बाजूला बाहेरून उघडणारे झाकण दिले गेले. पेट्रोलचे झाकण पुढे डाव्या बाजूला होते. पंपावर मागे झाकण दिसले की त्यात नळी घालायची, ही सवय कुठेही सारखीच. त्यामुळे तेलात पेट्रोल जाऊ लागले आणि पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा जुन्या जागी गेली. आता असे झाकण असलेली गाडी संग्राहक मुद्दाम शोधतात. आपल्या पंपावर कधी जुनी ९११ आलीच, तर मुलांना एवढे जरूर सांगून ठेवावे : या गाडीचे तेल इंजिन बंद करून तपासत नाहीत. ते तापलेले आणि सुरू असताना, गाडी सपाट जागी उभी करून तपासतात. बंद गाडीची पट्टी पाहून कोणी तेल ओतले, तर ते हमखास जास्त होते.