ठपका जपून ठेवावा

अनेक आशीर्वाद.

दिंडोरीकडच्या रस्त्याची तुझी बातमी वाचली. खड्ड्यांची मापं स्वतः टेप लावून घेतलीस, हे आवडलं. मथळा मात्र बदलावा लागेल. 'शाखा अभियंत्यावर ठपका' असं तू लिहिलंयस, आणि तुझ्याच तिसऱ्या परिच्छेदात त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाल्याचं म्हटलंयस. नोटीस म्हणजे साहेबांनी नुसतं विचारलंय, 'तुमचं म्हणणं काय?' ठपका त्यानंतर. कदाचित येणारही नाही.

सरकारी नोकरीत ठपका ही शिक्षा आहे. 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत तिचा पहिला नंबर लागतो. नावाला किरकोळ, ज्याची बढती तोंडावर आलीय त्याला विचार. ती देण्याआधी दोष लेखी कळवावा लागतो, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि नंतर तो अपिलातही जाऊ शकतो. एवढं सगळं व्हायच्या आत आपण मथळ्यात निकाल लावून मोकळे!

निषेधाचं तसं नाही. शालिमार चौकात चार जण काळ्या फिती लावून उभे राहिले की निषेध झाला. त्याला ना अधिकार लागतो, ना कुणाचा खुलासा. ठपक्याला दोन्ही लागतं. म्हणून 'नागरिकांनी ठपका ठेवला' असं लिहू नकोस. नागरिक आरोप करतात, जाब विचारतात, संताप व्यक्त करतात. चौकशी समिती मात्र अहवालात ठपका ठेवू शकते. अशा वेळी कुठल्या समितीनं, कशाबद्दल, हे पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे. लोकसभेतसुद्धा अविश्वास ठरावाला कारण द्यावं लागत नाही, निंदाव्यंजक ठरावाला, म्हणजे सरकारवर ठपका ठेवणाऱ्या ठरावाला, द्यावं लागतं.

कोर्टाच्या बातम्यांत तर फार जप. तिथे आपल्या लोकांना 'ताशेरे ओढले'चा भारी सोस. न्यायमूर्ती सुनावणीत रागानं काही बोलले तर 'सुनावले' म्हण, 'खडसावले' म्हण. ताशेरे आदेशात उतरलेले असावेत. एप्रिल 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात निवडणूक आयोगाबद्दल 'खुनाचे गुन्हे दाखल करायला हवेत' असं बोललं गेलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. मे महिन्यात निकाल आला की ते शब्द जरा कठोरच होते, पण लेखी आदेशात नसल्यामुळे काढून टाकायचा प्रश्न येत नाही. त्याच निकालात सुनावणीतलं बोलणं छापायला पत्रकारांना मोकळीकही मिळाली. तेव्हा बिनधास्त छाप, फक्त बोललेलं आणि लिहिलेलं एकात कालवू नकोस.

'नाराजी व्यक्त केली' हा शब्द मला व्यक्तिशः आवडत नाही. मंत्र्यापासून जावयापर्यंत कुणाच्याही तोंडी बसतो आणि कळत काहीच नाही. काय म्हणाले ते सरळ दे.

मथळा मी 'निकृष्ट रस्त्याप्रकरणी शाखा अभियंत्याला नोटीस' असा केलाय. आणखी एक, त्या अभियंत्याचं म्हणणं बातमीत कुठेच नाही. त्याला फोन लाव. साडेनऊपर्यंत दोन ओळी आल्या तर आजच्या पानात जाईल, नाहीतर उद्या.