गणपतीच्या मांडवासाठी फायर रिटार्डंट ताडपत्री किती जीएसएमची घ्यावी? मांडवाचा लोखंडी सांगाडा जागेवरच वेल्ड करणार आहोत, तेव्हा तीच खाली अंथरली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात चालणार नाही. मांडवावर घालायची एफआर (फायर रिटार्डंट) ताडपत्री वेगळी आणि वेल्डिंगखाली अंथरायचं कापड वेगळं. दुकानदार दोन्हींना 'फायरप्रूफ' म्हणतो, घोळ तिथेच सुरू होतो.

एफआर ताडपत्री ज्योत लागली तर सहजासहजी पेटत नाही आणि ज्योत काढली की आपोआप विझते. तिचं काम एवढंच. वेल्डिंगचा लाल गोळा म्हणजे वितळलेलं लोखंड, 1500 अंशांच्या घरातलं. पॉलिएस्टरचा धागा 260 अंशांच्या आसपास वितळतो, एचडीपीई, म्हणजे स्वस्त ताडपत्र्यांचं प्लास्टिक, तर 130 लाच. गोळा पडल्यावर ताडपत्री कदाचित पेटणार नाही, पण तो तिला भोक पाडून खाली जातो आणि तिथला थर्माकोल, स्पंज किंवा कार्पेट पेटवतो. वर नुसतं बोराएवढं भोक दिसतं.

आता जीएसएम. हा शब्द वाचूनच लिहायला बसलो, कारण एका मांडववाल्याशी माझा यावरून जुना वाद आहे. त्याचं ठाम मत असं की जाड ताडपत्री पेटत नाही, 650 घ्या आणि निवांत राहा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यातून ताकद कळते, आगीबद्दल काहीही कळत नाही. साधी ताडपत्री जितकी जाड, तितकं जळायला जास्त.

शेवटी त्याच्यासमोर तीन पट्ट्या जाळल्या. प्रत्येक पट्टी 5 सेंमी रुंद, 30 सेंमी लांब. पहिली 250 जीएसएमची साधी एचडीपीई, दुसरी 650 ची साधी पीव्हीसी, तिसरी 550 ची एफआर पीव्हीसी. पट्टी पकडीत उभी धरायची, खाली पाण्याने भरलेली परात, त्यापासून थोडं बाजूला सुक्या वर्तमानपत्राचा तुकडा. लायटरची ज्योत खालच्या कडेला 12 सेकंद लावायची, मग काढायची आणि सेकंद मोजायचे.

एचडीपीई ज्योत काढल्यावरही वर चढत जळत राहिली आणि तिचे पेटते थेंब टपटप पडू लागले. पट्टी कागदावर नेली तर दुसऱ्याच थेंबाला कागद पेटला. खरी भीती या थेंबांचीच असते. मांडव पेटला की पळणाऱ्या माणसांच्या डोक्यावर हेच पडतात. 650 ची साधी पीव्हीसी पेटायला वेळ लागला, पण ज्योत काढल्यावर ती काळा धूर सोडत जळतच राहिली. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे मूळ प्लास्टिक जळायला नाखूश असतं. पण ते मऊ करायला जे तेलकट प्लास्टिसायझर घालतात ते जळतं. तिसरी पट्टी कडेला काळी पडली, आकसली आणि ज्योत बाजूला घेताच विझली. तीत अँटिमनी ट्रायऑक्साइडसारखी द्रव्यं घातलेली असतात, ती क्लोरीनच्या जोडीने ज्वाला मारतात.

ही चाचणी खरेदीआधी तुम्हीही करा, पण उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, तो घसा जाळतो. पट्टी हातात धरू नका, वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं. आणि नमुन्याची चिंधी दुकानदाराने दिलेली नको, प्रत्यक्ष येणाऱ्या गठ्ठ्याच्या कडेची कापून घ्या.

कागद मागायचा तर 'एफआर सर्टिफिकेट' असं मोघम मागू नका. एनएफपीए 701 (अमेरिकन मानक) किंवा डीआयएन 4102 बी1 (जर्मन मानक) चा टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यावरचा जीएसएम, रंग आणि लॉट नंबर मालाशी जुळवून बघा. 701 मध्ये जाड कापडासाठी वेगळी पद्धत आहे. तिथे ज्योत काढल्यावर कापड 2 सेकंदांच्या वर जळत राहिलं तर नापास, खाली पडलेले थेंब तेवढ्याहून जास्त वेळ पेटते राहिले तरी नापास.

कनात, झालर आणि आतलं छत सुती असेल तर ते घरीच प्रक्रिया करून घेता येतं. अग्निशमन दलांच्या सूचनांमध्ये वर्षानुवर्षे दिलं जाणारं प्रमाण असं: अमोनियम सल्फेट 4 किलो, अमोनियम कार्बोनेट 2 किलो, टाकणखार 1 किलो, बोरिक आम्ल 1 किलो, तुरटी 2 किलो आणि पाणी 35 लिटर. कापड यात पूर्ण बुडवायचं, पिळायचं, सावलीत वाळवायचं. पंपाने वरवर शिंपडून काही होत नाही. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, म्हणजे भाद्रपदातल्या एका जोरदार सरीनंतर पुन्हा बुडवणं आलं. सिंथेटिक कापड हे द्रावण पीतच नाही, त्याला लावून फक्त समाधान मिळतं. तसंही तात्पुरत्या मांडवांसाठीचं भारतीय मानक आयएस 8758 सिंथेटिक कापड आणि सिंथेटिक दोर वापरू नका असंच सांगतं. हरियाणातल्या डबवालीला 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमात सिंथेटिक मांडव पेटला आणि 442 माणसं गेली. म्हणून प्लास्टिक फक्त पावसापुरतं, सगळ्यात वर ठेवा. माणसांच्या डोक्यालगत प्रक्रिया केलेलं सुती कापडच हवं, आणि बांधायला काथ्याचा दोर.

वेल्डिंगसाठी काचधाग्याचं कापड घ्या, सिलिकॉन किंवा व्हर्मिक्युलाइट (उष्णता सोसणारं खनिज) यांचा लेप असलेलं. काचधागा साधारण 550 अंशांपर्यंत टिकतो, आणि ठिणगी त्यावर पसरून थंड होते. उभा पडदा, आडवं ब्लँकेट आणि थेट कामाखाली ठेवायचं जाड पॅड हे तीन वेगळे प्रकार आहेत. पडद्याचं कापड खाली अंथरू नका. कापड ताणून सपाट ठेवा. झोळ पडला की स्लॅग (वेल्डिंगचा तप्त मळ) तिथेच साचतो आणि त्या जागी कापड जळून जातं. ठिणग्या 11 मीटरपर्यंत जातात, तेवढ्या टप्प्यातलं जळाऊ सामान हलवा. काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच बसवा, कारण स्पंज आतल्या आत धुमसत राहतो. ओलं गोणपाट अंथरायची जुनी सवय सोडा. ते वाळलं की पेटतं, आणि ओलं असताना आर्क वेल्डिंगवाल्याला शॉक बसायची सोय होते. सगळ्यात बरं म्हणजे सांगाडा बाहेर वेल्ड करून आणा आणि जागेवर नटबोल्ट मारा.

आकडा हवाच असेल तर: वरच्या छताला 550 ते 650 ची एफआर पीव्हीसी, पावसाची बाजू अडवायला 200 ते 250 ची एफआर एचडीपीई. आयलेट (दोर ओवायची कडी) पितळी, दर तीन फुटांवर.

एक राहिलं. एफआर गुण कायमचा नसतो. एचडीपीईतलं ब्रोमीनचं द्रव्य उन्हापासून वाचवणाऱ्या द्रव्याला मारक ठरतं, त्यामुळे एफआर माल साध्यापेक्षा लवकर कुजतो. पीव्हीसी कडक होऊन घडीवर तडकते. ऑइलपेंट, डिझेल किंवा साध्या रेक्झिनचं ठिगळ लागलं की त्या जागी ती साधी ताडपत्रीच झाली. म्हणून दरवर्षी मांडव घालण्याआधी कडेची एक पट्टी कापून पुन्हा जाळून बघा. आणि जनरेटरचा धूर सोडणारा पाइप या ताडपत्रीला टेकवू नका, एफआर असली तरी.