अंबर दिवा दिसताच डिस्क ओढावी का?

आपल्या डेल कंपनीच्या पॉवरव्हॉल्ट एमडी१२०० या डिस्क ठेवण्याच्या शेल्फमधील एका डिस्कचा दिवा हिरवा, मग अंबर (पिवळसर नारिंगी) होतो, विझतो आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो. रेड ५ व्हॉल्यूम (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा अनेक डिस्कचा एकत्रित साठा) मात्र सुस्थितीत दिसतो. अशा वेळी डिस्क लगेच काढावी का, असे आपण विचारले आहे. लगेच काढू नये.

या शेल्फमध्ये हा क्रम बिघाडाच्या पूर्वसूचनेचा असतो. डिस्क पूर्ण निकामी झाली असती, तर दिवा नुसता अंबर रंगात भरभर लुकलुकला असता. दुसऱ्या कंपनीचा दिव्यांच्या खुणांचा तक्ता येथे लावू नये, कारण खुणा सर्वत्र सारख्या नसतात. एचपीई कंपनीच्या स्मार्ट कॅरिअरवर (डिस्क बसवण्याच्या चौकटीवर) तर ‘काढू नका’ असे सांगणारा स्वतंत्र पांढरा दिवाच असतो, आणि ही सोय सर्वांनीच करायला हवी होती असे माझे मत आहे.

स्थितीचा दिवा डिस्कचे नव्हे, तर कंट्रोलरचे (सर्व डिस्कचा कारभार पाहणाऱ्या कार्डाचे) मत दाखवतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे डिस्क काढून पुन्हा बसवल्यावर दिवा हिरवा झाला, तरी ती बरी झाली असे होत नाही. उलट त्याच कमकुवत डिस्कवर सगळा डेटा नव्याने लिहिण्याचा भार पडतो.

आपली डिस्क अजून वाचता येते, आणि हीच जमेची बाजू आहे. ती आत्ता ओढली, तर रीबिल्डसाठी, म्हणजे तिच्यावरचा डेटा नव्याने तयार करण्यासाठी, उरलेल्या सर्व डिस्क संपूर्ण वाचाव्या लागतील, आणि तेवढ्या काळात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ व्हॉल्यूम हातचा जाईल. त्याऐवजी स्पेअर (राखीव) डिस्क बसवून पर्क या डेलच्या कंट्रोलरवरून ‘रिप्लेस मेंबर’ ही आज्ञा चालवावी. डेटा जुन्या डिस्कवरून थेट स्पेअरवर उतरतो आणि दरम्यान व्हॉल्यूमचे संरक्षण कायम राहते.

त्यानंतरच जुनी डिस्क काढावी. स्लॉटची मोजणी ० पासून होते, त्यामुळे ‘स्लॉट ४’ म्हणजे पाचवी डिस्क, आणि चुकीची डिस्क ओढली जाते ती बहुधा येथेच. कंट्रोलरवरून ब्लिंकची आज्ञा देऊन जुन्या डिस्कचा दिवा लुकलुकवावा, आणि डिस्क हाती येताच लेबलवरील सीरिअल नंबर नोंदीशी ताडून पाहावा. कॅरिअर आधी थोडेसेच बाहेर घ्यावे, आतील तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि मगच डिस्क पूर्ण काढावी.