अर्धशिशी, वीस टक्के आणि ट्रंकेतला लिफाफा

प्रश्न : राम राम साहेब. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, मराठा लाईट इन्फंट्रीत 17 वर्षं काढून 2019 ला नाईक म्हणून घरी आलो. 2011 ला ग्लेशियरवरून उतरलो तेव्हापासून डोकं धरायला लागलं, डाव्या बाजूला ठणके, उलट्या, उजेड सोसत नाही. एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटल) मायग्रेन सांगून लो मेडिकल कॅटेगरी लावली. घरी येताना मेडिकल बोर्डानं 20 टक्के अपंगत्व, लाईफलाँग, असं लिहिलं पण सर्व्हिसशी संबंध नाही म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन दिली नाही. एक अपील केलं, तेही नामंजूर, ते पत्र ट्रंकेत पडून आहे. आता पोरगा यूट्यूबवर दाखवतोय की मायग्रेनला 50 टक्के मिळतात, चंदगडचे पाव्हणे म्हणतात मुंबईला केस घाल, आणि गल्लीतले म्हणतात डोकं दुखतंय म्हणून काय पेन्शन मागूलास? काय करू?

उत्तर : राम राम भाऊ. गल्लीतल्यांचं सोडा, त्यांना अर्धशिशी झालेली नाही.

पोराचा व्हिडिओ अमेरिकेचा आहे. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्यात मायग्रेनला वेगळा कोड आहे, 8100, आणि माणूस पार आडवा पडेल असे झटके किती वेळा येतात त्यावर 0, 10, 30 नाहीतर 50 टक्के देतात. 50 च्या वर मायग्रेनला तिथंही नाही. नामंजूर झालं तर अपिलाला साधारण वर्षभर असतं. त्यातलं काहीच आपल्याकडं चालत नाही, त्यामुळं तो व्हिडिओ बघून अर्ज लिहू नका, मी असे दोन-तीन अर्ज बघितलेत, वाचून हसावं की रडावं कळत नाही.

आपल्याकडं दोन गोष्टी लागतात, किमान 20 टक्के, आणि आजार सर्व्हिसमुळं झाला किंवा सर्व्हिसमुळं वाढला. तुमची पहिली अट बोर्डानंच मान्य केलीय. म्हणजे डोकं किती दुखतं हे आता कुणाला पटवायचंच नाही, आणि अपिलात लोक नेमकं तेच चार पानं लिहितात! तुमचं भांडण ‘आजार सर्व्हिसमुळं का’ या एका रकान्याशी आहे. बोर्डाच्या कागदात तो असतो, पुढं ‘नो’ आणि खाली कारण म्हणून एखादी ओळ. ती ओळ काय आहे ते मला पत्रात कळवलं नाहीत. कॉपी नसेल तर 10 रुपयांची आरटीआय टाका, रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, बोर्डाचे सगळे कागद आणि भरतीच्या वेळचं मेडिकल, दोन्ही मागा.

भरतीचं मेडिकल कशाला? कारण 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट आला असंच धरायचं, आणि पुढं झालेला आजार सर्व्हिसचा नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं, जवानाचं नाही. ते सिग्नल कोरचे शिपाई होते, त्यांना फिट यायच्या, 20 टक्केच होते, आणि त्यांनाही संबंध नाही असंच लिहून दिलेलं. तुमच्या केसला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नको. सोबत ग्लेशियरच्या पोस्टिंगची नोंद आणि 2011 चे एमआय रूमचे (युनिटचा दवाखाना), एमएचचे जेवढे कागद मिळतील तेवढे लावा.

आता दुसरं अपील. मुदत पहिल्या नकारापासून 6 महिने, ती गेलीच म्हणायची, तरी उशिराचं कारण लिहून पाठवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा परत नकार आला की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आणि इथं पाव्हण्यांचं तुम्हाला लागू नाही, कारण चंदगड महाराष्ट्रात म्हणून त्यांचं मुंबई बेंच, तुम्ही राहता कर्नाटकात म्हणून तुमचं कोची. बोलणं मराठी, गाव कर्नाटकात, केस केरळात, आपल्या नशिबी हे असंच. धारवाडला हायकोर्टात जाऊ का असं पण लोक विचारतात, नको, आधी ट्रिब्युनलच.

पैशाचं बोलायचं तर 100 टक्क्याला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, बाकी त्या प्रमाणात. समजा बेसिक आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरून 40,000 होता, तर 20 टक्क्याचे 2,400. पण 50 च्या खालचं सगळं 50 धरतात, आणि 2014 च्या सुप्रीम कोर्टातल्या रामअवतार केसनंतर पूर्ण सर्व्हिस करून आलेल्यांनाही ते लागू झालं, म्हणजे 6,000, वर महागाई. मात्र मागची थकबाकी साधारणपणे केस घातल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. 2019 पासूनचा हिशोब करा म्हणजे तो लिफाफा ट्रंकेत किती महाग पडतोय ते कळेल. (21 सप्टेंबर 2023 नंतर घरी आलेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी हे उत्तर आपल्याला लावून घेऊ नये.)

प्रश्न : आमचे हे माजी हवालदार, डोकं दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणतात, आता रोजच घेतात आणि दुखणं वाढतच चाललंय. – एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, गोळीनंच डोकं दुखत असेल. साधी पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, आणि मिक्स गोळी असेल तर 10 दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की डोकेदुखी त्या गोळ्यांचीच होऊन बसते. पण एकदम बंद करायला लावू नका, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) न्यूरोलॉजिस्टकडं रेफर करून घ्या. तोवर घरातल्या कॅलेंडरवर रोज दोन खुणा करा, दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल, आणि जाताना ते कॅलेंडरच काढून सोबत न्या. तुमचे हे डॉक्टरला सांगताना दोनच घेतो म्हणतील.