आरोग्य प्रश्नोत्तरे: पावसाळ्यातला ताप आणि घरचे उपाय

प्रश्न: मुलगी 11 वर्षांची, वजन 32 किलो. ताप 102 आहे. आमच्यासाठी आणलेली साडेसहाशेची पॅरासिटामॉल तिला अर्धी दिली तर चालेल का? (भांडुप)

उत्तर: चालेल. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलीला 320 ते 480. अर्धी गोळी 325 ची होते. मात्र पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलं असेल तर ती गोळी तोडायची नाही; ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, तुकडा केला की औषध एकदम सुटतं.

सिरप देणार असाल तर बाटली वाचा. काही सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, काहींत 250. बाटली बदलते, चमच्यांचा हिशेब जुनाच राहतो, आणि डोस निम्मा किंवा दुप्पट होतो. 250 च्या सिरपचे साडेसात मिलिलिटर तिला पुरतील. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं मापच घ्या.

दोन डोसांत सहा तास ठेवा, चोवीस तासांत चारच डोस. वेळ कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आईने आठला दिली आणि बाबांनी साडेनऊला पुन्हा दिली, असं घरोघरी होतं. मोठ्यांना एका वेळी 500 किंवा 650. दिवसाची मर्यादा 4 ग्रॅम, पण घरच्या घरी 3 ग्रॅमवर थांबलेलं बरं. यकृताचा आजार असेल, रोज दारू होत असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशेबात धरायचं.

गोळीचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो. ताप एक-दोन अंशांनी उतरला आणि मुलगी उठून बसली, पाणी मागू लागली, की काम झालं; 98.6 व्हायलाच हवा असं नाही. गाढ झोपली असेल तर गोळीसाठी उठवू नका.

प्रश्न: सासूबाई गोधडी पांघरायला सांगतात, नवरा बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. कोणाचं ऐकू? (डोंबिवलीहून मुंबईला ये-जा करणारी वाचक)

उत्तर: हुडहुडी भरलेली असेपर्यंत सासूबाईंचं, पण गोधडीऐवजी चादर. थंडी थांबून घाम सुटला की तीही काढायची आणि पंखा मंद ठेवायचा. बर्फाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, कापरं भरतं आणि शरीर उलट जास्त उष्णता तयार करतं. अंग पुसायचंच असेल तर नळाचं साधं पाणी घ्या. कोलन वॉटर किंवा स्पिरिट नको.

प्रश्न: जेवण जात नाही. काय द्यावं? (लालबाग)

उत्तर: दोन दिवस जेवण कमी झालं तर बिघडत नाही, पाणी कमी झालं तर बिघडतं. भाताची पेज, मुगाचं कढण, ताक, शहाळं, जे जाईल ते थोडं थोडं द्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात ढवळलं की मिठाचं प्रमाण चुकतं. दर सहा तासांत एकदा तरी फिकट लघवी व्हायला हवी.

प्रश्न: अंग फार ठणकतं. आयबुप्रोफेनने लवकर आराम पडतो, मग ती का नको म्हणतात? (कुर्ला)

उत्तर: जुलै ते ऑक्टोबर मुंबईत आलेला ताप, उलट सिद्ध होईपर्यंत, डेंग्यू असू शकतो असं धरूनच चालायचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड यांनी पोटाच्या अस्तराला इजा होते आणि डेंग्यूत आधीच असलेला रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. मुलांना तर ॲस्पिरिन कधीच नको. (हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.) मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नको.

रक्ततपासणीला तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मलेरियाचा स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन केलेली तपासणी) औषध सुरू होण्याआधी झालेला उत्तम. पालिकेच्या दवाखान्यात तो होतो. डेंग्यूची एनएस1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा: पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) खूण असू शकते.

डेंग्यूत घात होतो तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, आणि घरचे मात्र ‘उतरला एकदाचा’ म्हणून निर्धास्त असतात. ताप नसतानाही पोटात जोराची कळ, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. मान ताठ होणं, बरळणं, झटका किंवा धाप असेल तर 108 ला फोन करा. गरोदर बाई, मधुमेही, वयस्कर किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, ताप 100.4 असला तरी.