भाव ७०, निकाल उलटा: मग मार्केट चुकलं का?

एका राजकीय प्रश्नावर प्रेडिक्शन मार्केट, म्हणजे पुढे काय होईल यावर पैसे लावायचा बाजार, आदल्या रात्री ७० टक्के 'हो' दाखवत होतं आणि सकाळी निकाल 'नाही' लागला. मग हा आकडा ठरवतं कोण आणि त्याला किंमत द्यायची कशाला, असं तुम्ही विचारलंय. सोबत स्क्रीनशॉट दिलाय, त्याच्याकडे शेवटी येतो.

आकडा कोणीच ठरवत नाही. समजा प्रश्न आहे, 'अमुक विधेयक महिनाअखेरपर्यंत मंजूर होईल का?' त्यात 'हो'चे शेअर असतात आणि 'नाही'चे. खऱ्या ठरलेल्या शेअरला शेवटी १ डॉलर मिळतो, दुसऱ्याला शून्य. तुम्ही 'हो'साठी ७० सेंट मोजायला तयार आहात आणि मी 'नाही'साठी ३० सेंट. दोघांचे मिळून बरोबर एक डॉलर झाला, सौदा जुळला. तो डॉलर बाजूला पडून राहतो, जिंकेल तो उचलतो. साइटला स्वतःचं मत नसतं, ती फक्त सौदे जुळवते आणि बहुतेक ठिकाणी आपली फी कापून घेते. ज्याला वाटतं की खरी शक्यता ८० आहे, त्याच्या दृष्टीने ७० ला माल स्वस्त. तो घेत जातो, भाव चढतो आणि परवडेनासं झालं की तो थांबतो. नवी बातमी आली की ही घासाघीस परत सुरू. या ओढाताणीत भाव जिथे टेकतो, तो आपण टक्केवारी म्हणून वाचतो.

आता उलट्या निकालाचं. ७० चा अर्थच असा की अशा दहा प्रश्नांत साधारण तीनदा उलटं व्हायला हवं. दहाच्या दहा वेळा 'हो' आलं, तर मी म्हणेन मार्केट गंडलंय, ते ७० नव्हतंच. म्हणून एका निकालावरून ना शाबासकी देता येते ना शिव्या. २०२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पोल, म्हणजे मतचाचण्या, बरोबरी दाखवत होते आणि पॉलीमार्केट या प्रेडिक्शन मार्केटच्या साइटवर ट्रम्प ६० च्या आसपास होते. ते जिंकले, तेव्हा 'पोल हरले, मार्केट जिंकलं' असा जल्लोष झाला. मला तो तेव्हाही पटला नव्हता. ६० म्हणणारा आणि ५० म्हणणारा यांत सरस कोण, हे एका निवडणुकीतून कसं कळणार? मी गेली काही वर्षं एक वही ठेवतो. प्रश्न, निकालाच्या एक आठवडा आधीचा भाव आणि काय झालं, एवढे तीनच रकाने. मग ७० च्या आसपासचे सगळे प्रश्न एकत्र काढायचे आणि किती खरे झाले ते मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरी परीक्षा नाही.

मुळात मार्केट म्हणजे ज्योतिषी नव्हे. माहिती लोकांच्या डोक्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते आणि पैसे लावायची वेळ आली की माणूस जरा जपून, आपल्याला खरंच काय माहीत आहे ते बघून बोलतो. भाव त्या तुकड्यांची बेरीज करतो. म्हणजे तुकडेच नसतील तर बेरीज कशाची? मे २०२५ मध्ये नवे पोप निवडायला १३३ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये गेले आणि दारं बंद झाली. मार्केटचे लाडके होते पिएत्रो परोलिन. निवडून आले रॉबर्ट प्रीव्होस्ट, ज्यांचा भाव एक-दोन सेंटांच्या घरात होता. बाहेरच्यांना आतलं काहीच ठाऊक नव्हतं, ते नुसते एकमेकांचे अंदाज विकत घेत होते. याच्या अगदी उलट प्रकार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला. शांततेच्या नोबेलच्या घोषणेला काही तास उरले असताना व्हेनेझुएलाच्या विरोधी नेत्या मारिया कोरिना माचाडो यांचा भाव रातोरात तळातून उसळून ७० च्या वर गेला. खोली ही पण बंदच होती, पण कुठेतरी फट असणार, असा संशय आला आणि नोबेल इन्स्टिट्यूटने चौकशी हाती घेतली. अंदाज म्हणून भाव अचूक ठरला, पण तो कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे.

तिसरा प्रकार जास्त फसवा. २०१६ ला ब्रेक्झिटच्या मतदानाआधी आणि त्याच वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीत सट्टाबाजार आणि मार्केट दोन्हीकडे हरणाऱ्या बाजूला ८० च्या आसपास देत होते. सौदे करणारे हजारो होते, पण पोल तेच, वर्तमानपत्रं तीच आणि वर एकमेकांचा भाव बघून धीर आलेला. एकाच वहीतून सगळ्या वर्गाने उतरवलं की उत्तरं जुळतात, एवढंच.

मोठा मासा भाव वाकवतो का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. वाकवतो, काही काळ. २०१२ मध्ये इंट्रेड नावाच्या अशाच एका साइटवर एकाच ट्रेडरने अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नींवर शेवटच्या दोन आठवड्यांत जवळजवळ ४० लाख डॉलर ओतले. बाकीच्या बाजारांत रॉम्नी घसरले तरी इंट्रेडवर त्यांचा भाव टिकून राहायचा. त्याचं सगळं बुडालं. २०२४ ला एका फ्रेंच ट्रेडरने ट्रम्पवर काही कोटी डॉलर लावले, तेव्हाही हाच आरोप झाला. पण त्याने 'तुमचे शेजारी कोणाला मत देतील?' असं विचारणारे पोल स्वतःच्या पैशाने करून घेतले होते. बाहेरून दोघे अगदी सारखे दिसतात. आयोवा विद्यापीठाच्या मार्केटमध्ये, जे १९८८ पासून चालू आहे, माणशी ५०० डॉलरची मर्यादा आहे. तिथे मोठा मासा शिरतच नाही, पण अभ्यास करणाऱ्यालाही फार खोलात जायचं कारण उरत नाही.

अगदी खालच्या भावांवर मी विश्वास ठेवत नाही. पॉलीमार्केटवर 'येशू ख्रिस्त २०२५ मध्ये परत येईल का?' असा प्रश्न खरोखर होता आणि 'हो'चा भाव काही काळ ३ सेंटांच्या आसपास होता. कोणी तेवढं मानतं असं नाही. तो भाव पाडायचा तर 'नाही'चे शेअर ९७ सेंटांना घेऊन तीन सेंटांसाठी पैसे महिनोन्‌महिने अडकवायचे. बँकेतही तेवढं सुटतं. म्हणून लांबच्या मुदतीतले दोन-तीन टक्के मी जवळपास शून्यच धरतो.

आणि नियम वाचा. शीर्षक नव्हे, त्याखालचा बारीक मजकूर. एकदा एका करारावर 'सहमती झाली' ही बातमी वाचून मी ८८ सेंटांना 'हो' घेतलं आणि निवांत झोपलो. नियमात होतं की सह्या ३१ तारखेच्या मध्यरात्रीआधी व्हायला हव्यात. सह्या झाल्या एक तारखेला सकाळी. माझा अंदाज बरोबर, शेअरची किंमत शून्य. विकणाऱ्याने तो मजकूर वाचला होता, मी नव्हता. पुढे २०२५ ला 'झेलेन्स्की सूट घालतील का?' यावर कोट्यवधी डॉलरची उलाढाल झाली. ते काळं जाकीट घालून नाटो परिषदेला आले, बऱ्याच वार्ताहरांनी त्याला सूट म्हटलं आणि शेवटी टोकनधारकांच्या, म्हणजे वादाचा निवाडा करणाऱ्या क्रिप्टो नाण्याच्या मालकांच्या, मतदानात 'नाही' ठरलं. तिथे भाव घटनेचा नव्हताच, 'सूट' या शब्दाचा अर्थ कोण लावणार याचा होता.

आता तुमचा स्क्रीनशॉट. वरचा मोठा ७० सोडा, खालची ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या बोलींची यादी, बघा. घेणाऱ्याची सर्वांत वरची बोली ५२, विकणाऱ्याची सर्वांत खालची ८१. मधे कोणीच नाही. तो ७० म्हणजे शेवटचा सौदा, तोही संध्याकाळी सहाचा आणि फक्त १५ शेअरचा. म्हणजे कोणीतरी साडेदहा डॉलर मोजले आणि गेला. तुमचं मार्केट आदल्या रात्री ७० म्हणतच नव्हतं. '५२ ते ८१ च्या मधे कुठेतरी' असं पुटपुटत होतं.